टीव्हीवरची विनोदी "दहा ते एक" यादी: लिहायची कशी, वाचायची कशी, शूट कशी करायची?

पंचगंगा_घाट

नमस्कार मंडळी. कोल्हापुरातल्या एका लोकल केबल चॅनेलसाठी दर शनिवारी अर्ध्या तासाचा विनोदी कार्यक्रम बसवतोय. त्यात चार मिनिटांचा एक तुकडा उलट्या यादीचा आहे. दहापासून सुरुवात, एकवर शेवट, अमेरिकेत डेव्हिड लेटरमन त्यांच्या रात्रीच्या टीव्ही कार्यक्रमात करायचे त्या धर्तीवर. सूत्रसंचालक एक, बाजूला हलगी आणि घुमकं वाजवणारे दोघं, लेखक चार, कॅमेरे दोन, समोर साठेक प्रेक्षक.

अडचण अशी आहे की यादी कागदावर वाचली की हसू येतं, पण तालमीत सहाव्या-सातव्या क्रमांकापर्यंत माणसं गार पडतात आणि पहिल्या क्रमांकाला फक्त सभ्यपणे टाळ्या वाजतात. नमुन्यादाखल एका यादीतले चार क्रमांक देतो. विषय आहे "कोल्हापुरात जेवायला आलेल्या पाहुण्याने बोलू नयेत अशी १० वाक्यं".

१०. पांढरा रस्सा म्हणजे ताक आहे का असं विचारणं
७. तांबड्या रश्श्यात दूध घालून त्याचा पांढरा रस्सा करून द्या असं सांगणं
४. आमच्याकडे मटणात गूळ घालतात असं म्हणणं
१. फार तिखट आहे असं म्हणून रडायला लागणं

लिखाण, क्रम, हलगी, पडद्यावरची अक्षरं, सगळ्यावर सल्ला हवाय. शिवाय हा साचा दुसऱ्याचा आहे, तो वापरला तर चालतो का, तेही सांगा.

शाईचा_डाग

विषय चांगला निवडलाय. गडबड वाक्यांत आहे.

पहिली गोष्ट, शीर्षकात "वाक्यं" म्हटलंय तर खाली वाक्यंच यायला हवीत. तुम्ही दिलीय ती वर्णनं आहेत: "असं विचारणं", "असं सांगणं", "असं म्हणणं". दहाच्या दहा ओळी "णं"वर संपल्या की पाचव्या ओळीपासून कान झोपतो. शिवाय मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे हसवणारा शब्द मधेच येऊन जातो आणि हशा फुटायच्या वेळी सूत्रसंचालक "असं सांगणं" म्हणत असतो. स्वतःच्याच हशावर बोलणं झालं ते. हसवणारा शब्द ओळीच्या अगदी टोकाला आणा, क्रियापद शक्य तिथे खाऊन टाका, आणि पाहुण्याच्या तोंडची ओळ तशीच ठेवा:

१०. "हे पांढरं म्हणजे... ताक?"
७. "दोन रस्से कशाला? एकच आणा, अर्ध्यात दूध घालू."
४. "गुळाचा खडा मिळेल?"

शीर्षकाचा साचा निवडतानाच पुढचा विचार करा. "कारणं" घेतलं की दहाही ओळी "म्हणून" किंवा "मुळे"वर संपतात. "लक्षणं" त्यातल्या त्यात बरं. सगळ्यांत मोकळा साचा "वाक्यं"चा, कारण त्यात प्रश्न येतो, हुकूम येतो, एकच शब्दसुद्धा चालतो.

आता सहा-सातला माणसं गार का पडतात ते. तुमच्या चारपैकी तीन ओळींचा सांगाडा एकच आहे: पाहुण्याला रस्सा कळत नाही, त्याला तो सौम्य किंवा गोड करून हवाय. प्रेक्षक हा सांगाडा तिसऱ्या ओळीला ओळखतो. पुढची ओळ त्याला आधीच ठाऊक असते, मग तो हसणार कशाला? एका यादीत एका सांगाड्याच्या जास्तीत जास्त दोन ओळी, आणि त्याही लांब लांब. बाकीच्या जागी वेगळं काही हवं. सहाव्या क्रमांकाला एकाच शब्दाची ओळ टाका: "चमचा?" पाचला दुसऱ्याच जगातलं: "रेसिपी व्हॉट्सॲप करा, मी आमच्या डाएटिशियनला दाखवते." आणि तीनला दहाचा धागा परत उचला: "बरं, मग ताक तरी आणा." धागा परत उचलायचा तर मधे चार-पाच क्रमांक जाऊ द्यावे लागतात. लगेच नवव्याला उचलला तर ती नुसती पुनरुक्ती होते.

किती लिहायच्या? दहासाठी किमान चाळीस. चार लेखक आहेत, तर प्रत्येकी दहा-बारा, आणि एकमेकांना न दाखवता. मग एकानेच सगळ्या मोठ्याने वाचायच्या, कुणाची कुठली ते न सांगता. ज्या दोन-तीन ओळी तिघांनी सारख्या लिहिल्या असतील त्या आधी काढा. चार लेखकांना सुचलं ते साठ प्रेक्षकांनाही सुचणार. उरलेल्यांतून चौदा ठेवा, चार राखीव. पडद्यावरच्या पाटीत बसणार नाही अशी एखादी लांब ओळ आवडली असेल तर ती दोनवर टाकायची, बाकी कुठेही नाही. उदाहरणार्थ: "आमच्या सोसायटीच्या गेट-टुगेदरला केटररनं अगदी सेम केला होता, फक्त पनीरचा."

आणि तुमचा पहिला क्रमांक बदला. तिखटाने रडणारा पाहुणा सगळ्यांनी पाहिलाय, त्यात गुन्हा काही नाही. कोल्हापुरात पंगतीला वाढप्या रश्श्याची बादली घेऊन तिसऱ्यांदा समोर आल्यावर जे बोलायचं नसतं तेच पहिलं हवं:

१. "रस्सा पुरे."

दोन शब्द, बस्स. सगळ्यांत मोठा हशा दोनवर, एकवर छोटी ओळ. शीर्षक इथे पूर्ण होतं.

साच्याबद्दल: लेटरमन यांच्या एनबीसीवरच्या कार्यक्रमात पहिली यादी १८ सप्टेंबर १९८५ ला आली, आणि विषय होता "पीज" (मटार) या शब्दाशी जवळजवळ यमक जुळणाऱ्या दहा गोष्टी. म्हणजे ज्याला क्रमवारीची काडीचीही गरज नाही असा विषय, आणि तो निवडणुकीचा निकाल सांगावा तशा गांभीर्याने वाचलेला. त्या काळी मासिकांत आणि टीव्हीवर सगळ्या गोष्टींच्या "टॉप" याद्या येत, त्यांची ही थट्टा होती. १९९३ मध्ये ते सीबीएसला गेले तेव्हा जुन्या वाहिनीने कार्यक्रमातल्या काही कल्पनांवर हक्क सांगितला, तरी यादी नव्या वाहिनीवरही चालू राहिली. दहा ते एक मोजत विनोद सांगणं ही कल्पना कुणाच्या मालकीची होत नाही. मात्र कुणाच्या ओळी, कुणाचं ग्राफिक, कुणाचं संगीत उचलू नका.

हलगी_घुमकं_कैताळ

भावा, हलगी घेतलीस हे लई भारी केलंस. तिकडं ड्रमचा रोल असतो, आपल्याकडं त्याहून खणखणीत वस्तू घरातच हाय. पण ती सांभाळायला लागती.

हलगी छोट्या हॉलमध्ये माणसाच्या आवाजाला खाऊन टाकती. तिचा कडक टिपरीचा आवाज नेमका तिथंच बसतो जिथं आपल्या बोलण्यातली च, ट, स ही अक्षरं ऐकू येतात. म्हणून नियम एकच: हलगी आणि बोलणं कधीच एकावर एक नाही. रोल दीड ते दोन सेकंदांचा, शेवटी एक ठाम ठोका, मग अर्धा सेकंद शांतता, मग "क्रमांक सात". वाजवणाऱ्यानं सूत्रसंचालकाच्या हातातल्या कार्डाकडं बघायचं. जुनं कार्ड मागं गेलं की रोल सुरू. असा डोळ्यांनी इशारा ठरला की कानातल्या फोनची गरज पडत नाही.

प्रत्येक क्रमांकाला तोच रोल नको. दहाला पूर्ण, नऊ ते सातला छोटा, सहाच्या "चमचा?"ला हलगी नकोच, घुमक्याचा एकच खालचा ठोका. दोनला पुन्हा हलगी. एकच्या आधी सगळ्यांत मोठा, चार सेकंदांपर्यंत, आणि कैताळ (झांजेसारखं वाद्य) पहिल्यांदा तिथंच. कैताळ आधी वाजवलं तर शेवटाला चढायला जागाच उरत नाही.

बसवायचं कुठं? सूत्रसंचालकापासून निदान तीन मीटर लांब, त्याच्या माइकच्या पाठीमागच्या बाजूला. हलगीचा माइक कातड्यासमोर सरळ नको, कडेनं तिरका, हातभर अंतरावर. मिक्सरवर हलगी आवाजापेक्षा खालीच ठेवा. कॉलर माइक असेल तर सूत्रसंचालकाच्या माइकमध्ये हलगी शिरणारच, म्हणून तिचा चॅनेल रोलपुरताच उघडायचा.

पावसाळ्यात शूट असेल तर एक गोष्ट विसरू नका. कातडी हलगी दमट हवेत सैल पडती आणि आवाज भद्द होतो. रेकॉर्डिंगच्या आधी शेकायला लागती आणि एसी नसलेल्या हॉलमध्ये मधल्या सुट्टीत परत एकदा. हॉलमध्ये जाळ करता येत नाही, तेव्हा बाहेर सोय करा आणि तापवलेली दुसरी हलगी तयार ठेवा. प्लॅस्टिकच्या पडद्याची हलगी सैल पडत नाही, पण तिचा आवाज कर्कश येतो. ती घेतली तर मागून पडद्याला कापडाची घडी लावा.

रेकॉर्ड केलेले रोल पॅडवरून वाजवू नका. समोर वाजवणारा हशा बघून थांबतो, यंत्र थांबत नाही.

संकलन_खोली

आधी वेळेचा हिशेब मांडतो, कारण "चार मिनिटं" हाच आकडा मला खटकतो. शीर्षक १० ते १२ सेकंद. प्रत्येक क्रमांकाला रोल आणि आकडा मिळून ३ सेकंद, ओळ ४ ते ६, हशा ३ ते ५. म्हणजे एकाला १२ सेकंद धरा, दहाला १२०. शेवटच्या टाळ्या १० सेकंद. एकूण अडीच मिनिटांच्या आत. तुमचं चार मिनिटं होतंय याचा अर्थ प्रत्येक ओळीनंतर सूत्रसंचालक काहीतरी जोडतोय. मधली मरगळ अर्धी तिथून येते. शेरे अख्ख्या यादीत तीनच ठेवा, आणि ते पडलेल्या ओळीनंतर. हशा आलेल्या ओळीनंतर शेरा म्हणजे त्या हशावर पाणी.

पडद्यावरची अक्षरं हा सगळ्यांत जास्त चुकणारा भाग. माणूस ऐकतो त्यापेक्षा वेगाने वाचतो. पूर्ण ओळ आधी दिसली तर निम्मे प्रेक्षक वाचून हसतात, निम्मे ऐकून, आणि दोन्ही हशे अर्धवट राहतात. रोलबरोबर फक्त आकडा आणा. ओळ वाचताना कॅमेरा चेहऱ्यावर. शेवटचा शब्द तोंडातून सुटताच अक्षरं एकदम, कसलंही ॲनिमेशन न करता, आणि तीन सेकंद तशीच. घरी बसलेल्या ज्याला ऐकू आलं नाही त्याच्यासाठी ती आहेत.

१९२० बाय १०८०च्या पडद्यावर अक्षर ६४ पिक्सेलपेक्षा लहान नको. दोनच ओळी, बारा शब्दांपर्यंत. देवनागरीला वर वेलांटी-रफार आणि खाली उकार लागतात, म्हणून दोन ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट ठेवा, नाहीतर "पूर्ण"चा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. लोकल चॅनेलवर तळाला जाहिरातीची पट्टी आणि कोपऱ्यात लोगो असतो, त्यामुळे पडद्याचा खालचा पाचवा भाग मोकळा सोडा. पट्टी नेमकी कुठे येते ते चॅनेलच्या कंट्रोल रूमला आधी विचारून घ्या.

संकलनाला ॲडोबी प्रीमियर वापरत असाल तर प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्समध्ये जाऊन टेक्स्ट इंजिन साउथ एशियन करा. ते नसेल तर जोडाक्षरं सुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी पुढच्या अक्षरावर जाऊन बसते. लेखकांनी जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये टाईप करून पाठवलं असेल तर ते थेट चिकटवू नका. आधी युनिकोडमध्ये बदला आणि मग प्रत्येक ओळ डोळ्याखालून घाला.

कॅमेरे दोन आहेत ना? एक सूत्रसंचालकावर छातीपर्यंत, अजिबात न हलणारा. दुसरा प्रेक्षक आणि हलगीवर. प्रेक्षकांचा शॉट हशा सुरू झाल्यावर अर्ध्या सेकंदाने कापा. आधी कापला की बघणाऱ्याला वाटतं आपल्याला हसायला सांगतायत. पडलेल्या ओळीवर दुसरीकडचा हशा आणून चिकटवू नका. साठ माणसांच्या हशाचा पोत ठरावीक असतो, उसना हशा लगेच ओळखू येतो. ती ओळच काढा, म्हणूनच चार राखीव रेकॉर्ड करून ठेवायच्या. मात्र क्रमांकांचा उच्चार प्रत्येक राखीव ओळीसाठी वेगळा घ्या, नाहीतर सहावी ओळ काढल्यावर सातनंतर थेट पाचचा आवाज येतो.

बतावणी

शाईचा_डाग यांच्या एका मताशी मी सहमत नाही, बाकी सगळं पटलं.

सगळ्यांत मोठा हशा दोनवर आणि एकवर छोटी ओळ, ही रचना प्रेक्षक समोर असताना चालते, कारण एकच्या आधीचा मोठा रोल आणि टाळ्या त्या छोट्या ओळीला उचलून धरतात. आपल्या प्रेक्षकाच्या कानात मात्र दुसरी चाल पक्की आहे. १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर सुरू झालेल्या बिनाका गीतमालेने पुढे गाण्यांचं पायदान खालून वर चढवत नेलं आणि शेवटच्या गाण्यासाठी अख्खी घरं थांबायची सवय लावली. पहिला क्रमांक म्हणजे मुक्काम, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. एकवर फुसकी ओळ आली तर त्याला फसवल्यासारखं वाटतं. "रस्सा पुरे" चालेल कारण ती लहान असूनही यादीतली सगळ्यांत जड ओळ आहे. केवळ लहान आहे म्हणून एखादी ओळ एकवर टाकू नका. तिच्यावरून पुन्हा शीर्षक वाचून बघा: हे खरोखर सगळ्यांत मोठं पाप आहे का? नसेल तर क्रम बदला.

दहाव्याकडेही तेवढंच लक्ष हवं. दहावा क्रमांक खेळाचा नियम शिकवतो. तो सगळ्यांना कळणारा, स्वच्छ, मध्यम हशाचा हवा. विचित्र ओळ दहाला टाकली की प्रेक्षक नऊपर्यंत विषयच शोधत बसतो. विचित्र ओळीची जागा चार.

आता वाचणाऱ्याबद्दल. क्रमवारी असलेल्या यादीत वाचणारा तिच्यावर विश्वास ठेवणारा हवा. तहसील कचेरीतली नोटीस वाचावी तसं वाचायचं, हसू ओठांवर न आणता. आपल्या तमाशातल्या बतावणीत सोंगाड्याचा विनोद उठतो तो सरदार गंभीर राहतो म्हणून. इथे तो गंभीर माणूस म्हणजे खुद्द यादी. लेटरमन यांच्या कार्यक्रमात यादी "मुख्य कार्यालयातून" आल्याचं सांगायचे आणि ते कार्यालय आयोवातल्या सू सिटीसारख्या लांबच्या गावात असल्याचं दाखवायचे. तुम्ही "आमच्या गगनबावडा मुख्य कार्यालयातून आलेली यादी" असं एक वाक्य सुरुवातीला ठेवा. दर शनिवारी तेच गाव, तोच सूर. आठ-दहा भागांनंतर त्या वाक्यालाच हशा येईल. गावाची टिंगल मात्र करू नका, तिथली माणसंही तुमचं चॅनेल बघतात.

कार्डं जाड, ३०० जीएसएमची घ्या, पोस्टकार्डाएवढी, एका कार्डावर एकच ओळ, कोपऱ्यात मोठा आकडा. साधा कागद कॉलर माइकजवळ खरखरतो. पिना मारू नका. हसवणाऱ्या शब्दाखाली रेघ ओढा, त्याच्या आधी श्वास घ्यायची खूण करा. प्रॉम्प्टर नको. कार्ड मागे टाकण्याची हालचाल हीच हलगीवाल्याची खूण आहे हे वर सांगितलंच आहे. लेटरमन कार्ड मागच्या खोट्या खिडकीकडे भिरकवायचे आणि काच फुटल्याचा आवाज यायचा. तुम्ही तुमचा वेगळा आवाज शोधा.

पंचगंगा_घाट

मनापासून आभार, एवढं तपशीलवार मिळेल असं वाटलं नव्हतं. दोन शंका राहिल्या. फुटबॉल हंगामात "शाहू स्टेडियमवर" असा विषय घेणार आहोत. त्यात तालीम संघांची (पेठांमधल्या तालमींच्या फुटबॉल संघांची) नावं घेऊन यादी केली तर? आणि कधी कधी सूत्रसंचालकाऐवजी दहा जणांकडून एकेक ओळ वाचून घ्यायची कल्पना आहे, ती जमेल का?

शाईचा_डाग

संघांची क्रमवारी बिलकुल नको. विनोदी यादीतले आकडे खोटे असतात म्हणून ती चालते. पेठांची आणि तालमींची नावं घातली की आकडे खरे होतात. दहाव्या क्रमांकाच्या पेठेला त्यात विनोद दिसणार नाही आणि पहिल्या क्रमांकाचीही हसणार नाही, ती मिरवेल. विषय प्रेक्षकावर आणा: "मॅच बघताना मागच्या रांगेतून येणारे १० सल्ले". मग दोन्ही बाजूंची माणसं स्वतःलाच ओळखतात. "गोलकीपरला सांगा, बॉल हातानंसुद्धा धरता येतो" ही ओळ कुठल्याही संघाच्या पाठीराख्याची असू शकते.

खऱ्या माणसाचं नाव घ्यायचं तर केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधला सहावा नियम वाचून घ्या. कार्यक्रम संहिता तिथे आहे. बदनामीकारक मजकूर, खोटे आडून मारलेले टोमणे आणि अर्धसत्यं दाखवायला मनाई आहे. "विनोद होता" एवढ्यावर सुटका होईल असं धरून चालू नका. पदावरच्या माणसाच्या सार्वजनिक कामावर बोला. घर, जात, आजार, शरीर यांवर ओळ लिहायची नाही. चाळीसपैकी अशी एखादी येतेच, ती पहिल्याच वाचनात काढा.

बतावणी

दहा जणांची कल्पना उत्तम. लेटरमन यांच्या २० मे २०१५ च्या शेवटच्या भागात शेवटची यादी अशीच दहा पाहुण्यांनी एकेक ओळ म्हणून पुरी केली होती. पण ती महिन्यातून एकदाच करा. अडचण अशी की अभिनय न येणारा माणूस माइकपुढे आला की ओळ "म्हणून दाखवतो". त्याला एवढंच सांगा: आवाज चढवायचा नाही, हात हलवायचे नाहीत, ओळ संपली की कॅमेऱ्याकडे दोन सेकंद बघत उभं राहायचं. पहिलवान, कंडक्टर, शिक्षिका, कुणीही असो, माणूस जितका स्वतःसारखा बोलेल तितकी ओळ वर जाते. ओळ त्या माणसालाच शोभणारी हवी. "चमचा?" हा शब्द सहा फुटी पहिलवानाच्या तोंडी द्या आणि बघा.

व्यवस्था: एकच उभा माइक, जमिनीवर टेपची फुली, दहाही जण उजवीकडे क्रमाने रांगेत. आकडा सूत्रसंचालकानेच म्हणायचा. ओळ म्हणणारा डावीकडून बाहेर, पुढचा रोल सुरू असतानाच फुलीवर. चालायला तीन सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील तर रांग माइकच्या जवळ आणा. उंचीप्रमाणे माइक खालीवर करण्यात वेळ जातो, म्हणून सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत बुटक्या माणसाला लागोपाठ ठेवू नका. एक पूर्ण तालीम ओळींशिवाय, फक्त चालण्याची घ्या.

हलगी_घुमकं_कैताळ

आणि त्या दिवशी रोल अडीच सेकंदांचा करा, माणूस फुलीवर पोहोचेपर्यंत पुरला पायजे. वाजवणाऱ्याला कार्ड दिसणार नाही, तेव्हा खूण म्हणून आधीच्या माणसाचा डावा पाय फुलीवरून उचलला की सुरू, असं ठरवा.